दर्या की दऱ्या?

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. बोलताना या दोन शब्दांत कोणाही मराठी माणसाची गल्लत होत नाही. पहिल्यात मागच्या 'द'वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. आणि लिहिताना पहिल्यात 'या'च्या डोक्यावर रफार, तर दुसऱ्यात 'या'च्या अलीकडे तो आडवा, पापणीसारखा अर्धा 'र'. व्याकरण शिकवणारे मास्तर यासाठी 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी देत असत. एवढ्याशा रेघेने गुरुजी थेट मुदपाकखान्यात जाऊन उभे राहत. शाळेत आम्ही या उदाहरणाला हसलो होतो. पुढे याच रेघेने आम्हांला भर सभेत उघडे पाडले, आणि तिचा छडा लावण्यासाठी २०१२ साली घेतलेल्या लॅपटॉपवर २००१ सालची कार्यप्रणाली बसवण्याचा उद्योग करावा लागला. प्रस्तुत लेख त्या उद्योगाविषयी आणि त्याच्या मागे असलेल्या, मराठीच्या अगदी अलीकडच्या आणि तरीही विस्मरणात चाललेल्या इतिहासाविषयी आहे.

गोष्ट लोणारची. बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव जगाला ठाऊक आहे ते उल्कापाताने काळ्या बसाल्टात पडलेल्या विवरामुळे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठावरून तळ सव्वाशे-दीडशे मीटर खाली, आणि तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी. काठावर धारेचे गोड पाणी अखंड वाहते आणि खाली पाण्यालगत कमळजादेवीचे देऊळ आहे. गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे. लवणासुराला मारणारा तो हा विष्णू. अशा गावी भूगर्भशास्त्रज्ञ पुष्कळ येतात, भाषेचे अभ्यासक क्वचित. आम्ही गेलो ते एका निवृत्त शिक्षकांच्या संग्रहासाठी. पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून त्यांनी आठवणी, कहाण्या आणि शब्द गोळा केले होते. तळ्यातल्या खाराचा व्यापार होत असे त्या काळातले दल्ला, खुप्पल, भुस्की असे खाराच्या प्रकारांचे शब्द त्यात होते. २००२ साली त्यांनी हे सारे गावातल्या डीटीपीच्या दुकानात टंकून घेतले. पुस्तक काही निघाले नाही. हस्तलिखित पुढे घर बदलताना गेले, गुरुजीही गेले. उरली ती एक सीडी; २०१६ साली ती त्यांच्या घरच्यांनी आमच्या हाती ठेवली.

सीडीवर पेजमेकरच्या धारिका होत्या. आमच्यापैकी कोणाकडेच त्या उघडण्याची सोय नव्हती. पुण्याच्या एका परिचिताने आपल्या जुन्या यंत्रावर मजकूर बाहेर काढला, कुठल्याशा परिवर्तकातून घातला आणि युनिकोडात आमच्याकडे धाडला. मजकूर बहुतांशी शुद्ध होता. 'दुसर्या', 'सार्या', 'म्हातार्या' अशी रूपे जागोजाग होती. परिवर्तकाला आपला पापणीचा 'र' ठाऊक नव्हता हे उघड होते. आम्ही ती शोधून शोधून दुरुस्त केली आणि काम संपले असे समजलो.

त्या मजकुरात एका वृद्धेची आठवण होती. लग्न होऊन लोणारात आली त्या पहिल्या पावसाळ्याविषयी ती सांगते, आणि मध्येच एक वाक्य येते: समोर दर्या आन् पाठीमागं सासर. आम्ही या वाक्याच्या प्रेमात पडलो. जन्मात समुद्र न पाहिलेली वऱ्हाडातली मुलगी विवरातले खारे पाणी पाहते आणि त्याला दर्या म्हणते! २०१८ साली एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात आम्ही यावर निबंध वाचला. लवण, लोणार, दर्या अशी साखळी जोडली. फारसीतून आलेला हा शब्द निजामाच्या अमलात वऱ्हाडच्या घराघरांत कसा पोचला असेल यावरही दोन परिच्छेद खर्ची घातले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी लोणारचीच. आमच्याकडं तळ्याला कुणी दर्या म्हनत नाही हो. दऱ्या म्हनलं असंल तिनं." आम्ही काहीतरी विद्वत्तापूर्ण उत्तर दिले. ते काय होते हे येथे न सांगितलेले बरे.

परतीच्या एसटीत मात्र कोणी कोणाशी बोलेना. 'दुसर्या' हे रूप मराठीत नाही, म्हणून ते डोळ्याला खुपले आणि दुरुस्त झाले. 'दर्या' हा शब्द मराठीत आहे, म्हणून तो खुपला नाही. जी चूक दुसऱ्या खऱ्या शब्दाचे रूप घेऊन बसते ती वाचणाऱ्याला दिसत नाही, उलट आवडते. जुन्या पोथ्यांचे पाठ लावणाऱ्यांना हे पहिल्या दिवशी शिकवतात. आम्हीही ते शिकलो होतो. पण संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर हाही कोणा लिपिकाराने उतरवलेला पाठ असतो, हे आम्हांला सुचले नव्हते. आता मूळ प्रत पाहणे भाग होते, आणि मूळ प्रत म्हणजे ती सीडी.

येथे थोडे मागे गेले पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडेल की धारिका ती धारिका, तिच्यात मराठी असेल तर मराठीच दिसेल. तसे नसते. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात जुळाऱ्यापुढे खणांची पेटी असे. कोणत्या खणात कोणता खिळा हे छापखान्यापुरते ठरलेले. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला तेव्हापासून मराठी अक्षराला जे वळण मिळाले ते अशा शेकडो खिळ्यांच्या जोरावर. संगणकाच्या टंकात खण मिळाले जेमतेम २५६, त्यांतलेही सारे वापरता येण्याजोगे नव्हते, आणि प्रत्येक खणावर इंग्रजी अक्षराची पाटी आधीच लावलेली. भारतातल्या तंत्रज्ञांनी याला चांगले उत्तर शोधले होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे काम पुण्याला १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. त्याच सुमारास 'इस्की' ही संकेतप्रणाली सिद्ध झाली आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. इस्कीत 'क' म्हणजे 'क'. तो कसा काढायचा हे टंकाने पाहावे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे.

पण लग्नपत्रिका उद्या सकाळी हवी असते. विंडोज आले, पेजमेकर आले, आणि गावोगावच्या डीटीपीवाल्यांना त्यांवर चालेल असे मराठी हवे होते. तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी सोपी वाट धरली: इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी खिळ्यांचे तुकडे भरले. कोणी कान्याला एक खण दिला, कोणी दुसरा. कोणी अर्धा 'श' येथे ठेवला, कोणी तेथे. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त अक्षरांना मराठी मुखवटे. मुखवटा काढला की निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे उरतात. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाची पेटी निराळी. शिवाय हा मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी, मग 'क', जुळाऱ्याने खिळे लावावेत तसे. युनिकोडात आधी 'क' आणि मग वेलांटी, आपण उच्चारतो तसे. रफार तर अक्षरानंतर ठेवला जाई, कारण तो त्याच्या डोक्यावर बसतो. परिवर्तकाला हे सारे उलटसुलट करावे लागते. तसे करताना रफार आणि पापणीचा 'र' हे दोन वेगळे तुकडे आमच्या परिवर्तकाने एकाच 'र्'मध्ये ओतले. वास्तविक युनिकोडात या 'र'ची सोय आहे, आणि जुन्या टंकातही तो नीट वेगळा होता. दोन्ही घरे शाबूत, वस्तू हरवली ती सामान हलवताना.

विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आले. त्यासाठीचा 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार आणि अक्षरतज्ज्ञ तर होतेच, मराठीतले प्रयोगशील कवीही होते. २००८ साली ते वारले. आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांना जेवढी जागा मिळाली त्याहून अधिक मिळायला हवी होती असे आमचे मत आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सांगायचे ते एवढेच की युनिकोड आले तरी पुस्तकांचा धंदा जुन्या टंकांवरच चालू राहिला. पेजमेकरची सातवी आणि शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नव्हते. त्यामुळे १९९०च्या दशकाच्या प्रारंभापासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीत जे छापले गेले, कादंबऱ्या, दिवाळी अंक, अनियतकालिके, गौरवग्रंथ, त्याच्या मूळ धारिका बहुतेक अशा मुखवट्यांतल्या आहेत. छापील प्रत आहे तोवर चिंता नाही. जे छापलेच गेले नाही त्याचे काय?

तर आता आमचा उद्योग. धारिका उघडायला पेजमेकर हवे. आमच्या हाती लागलेल्या जुन्या पेजमेकरची स्थापनेची आज्ञावली १६ बिटी होती, आणि ६४ बिटी विंडोज १६ बिटी आज्ञावली चालवतच नाही. म्हणून विंडोज एक्सपी, ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेली. सीडी एकाच्या माळ्यावर सापडली. लॅपटॉप २०१२ चा. त्यात सीडी घालण्याची सोय होती, एवढीच काय ती जमेची बाजू.

पहिल्या प्रयत्नात यंत्राने सीडी वाचायचेच नाकारले. नव्या यंत्रांना सुरू होण्याची युईएफआय नावाची नवी रीत असते, एक्सपीला फक्त जुनी बायोसची रीत ठाऊक. सुरू होताना एक कळ दाबून धरली की यंत्राच्या पोटातली मांडणी दिसते; तेथे 'लेगसी' असा एक पर्याय होता. वारसा! शब्द मोठा सूचक वाटला. (आता नवे लॅपटॉप हा पर्यायही देत नाहीत, २०२० पर्यंत तो काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ सालीच जाहीर केला होता.) तो निवडल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे धावू लागली, आम्ही हर्षभरित झालो, आणि दोन मिनिटांत दुसऱ्याच जातीचा निळा पडदा येऊन सारे थांबले. चकतीशी बोलण्याची रीतही मधल्या काळात बदलली होती. नवी यंत्रे एएचसीआय या पद्धतीने बोलतात. एक्सपीच्या सीडीवर ती भाषा समजावणारा दुभाष्या नाही. एक्सपी म्हणते, दुभाष्या असेल तर फ्लॉपीवरून द्या. लॅपटॉपला फ्लॉपी कुठली? पुन्हा पोटातली मांडणी उघडून एएचसीआयच्या जागी जुनी आयडीई पद्धत निवडली. चकतीची विभागणीही नव्या धाटणीची होती. ती पुसून जुन्या धाटणीची करावी लागली. त्याआधी सर्वांनी आपापली छायाचित्रे काढून घेतली. एकाचा प्रबंध राहणार होता, तो ऐन वेळी आठवला.

पहाटे दोनच्या सुमारास ती हिरवी टेकडी आणि ते निळे आकाश दिसले. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली टिपलेले हे छायाचित्र. श्रावणात विवराच्या काठावरून मागे वळून पाहिले तर असेच काहीसे दिसते. चित्रे भरड होती, आवाज नव्हता, वायफाय नव्हते. आठ जीबी स्मृतीपैकी यंत्राला तीन-सव्वातीनच दिसत होती. ३२ बिटी प्रणालीची दृष्टी चारांपलीकडे पोचत नाही. महाजाल जोडले गेले नाही ते उत्तमच झाले. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची डागडुजी थांबवली. तेव्हापासून तिला जाळ्यात सोडणे म्हणजे दार उघडे टाकून यात्रेला जाणे. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप नाही त्यांनी आभासी यंत्राची, म्हणजे यंत्राच्या पोटात यंत्र बसवण्याची वाट धरावी. पुढे आम्हीही तेच केले, आणि त्या आभासी एक्सपीच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या आहेत.

पेजमेकर बसले, धारिका उघडली, आणि पडद्यावर रोमन कचरा आला. टंक नव्हता. सीडीवर गुरुजींचे पुस्तक होते, त्याचा मुखवटा नव्हता.

तो मुखवटा असणार होता एकाच ठिकाणी. लोणारच्या बाजारातले ते डीटीपीचे दुकान आता मोबाइलचे झाले आहे, मालक तेच. पत्रिका, निकालपत्रे, निवडणुकीची पत्रके यांत त्यांची वीस वर्षे गेली. ते म्हणाले, "फाँट हाय ना सर माह्याजवळ. पर तो कॉम्प्युटर कवाचाच बंद हाय." माळ्यावरून पेटी उतरवली. यंत्र मेले होते. आतली चकती जिवंत निघाली. रुंद पट्टीची ती जुनी चकती तीनशे रुपयांच्या जोडणीने लॅपटॉपला लावली, फाँटच्या कप्प्यातून टंक उचलला आणि दुकानातच, मोबाइलच्या काचा लावायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या घोळक्यात, धारिका पुन्हा उघडली.

समोर दऱ्या आन् पाठीमागं सासर.

पापणी स्पष्ट होती. आम्ही पडदा मोठा करून पाहिली, पुन्हा पाहिली. मग सारे पुस्तक ओळीने ताडून पाहिले. दैत्यसूदनाच्या मंदिराच्या वर्णनात, खांबांवरची चर्या झिजली तरी ओळखू येते, असे आम्ही वाचले होते आणि शिल्पांच्या मुखभावांविषयी एक तळटीपही लिहून ठेवली होती. तेथे 'चऱ्या' होत्या, दगडात कोरलेल्या उभ्या खाचा. 'झिजली' हे क्रियापदही मूळचे 'झिजल्या' होते, ते आमच्याच एकाने 'दुरुस्त' केलेले. एका चुकीच्या पाठाने दुसरा पाठ आपल्या सोयीने वाकवून घ्यावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांला पोथ्यांत सापडले नव्हते.

या मुलखात हे प्रथमच घडत नव्हते. लीळाचरित्रात चक्रधरांच्या भ्रमंतीत लोणार येते, मेहकर येते. त्या पंथाच्या ग्रंथांचे पुढे काय झाले हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे: धाडीत मूळ प्रत गेली, मग हिराइसेसारख्यांच्या मुखोद्गत पाठांवरून ती पुन्हा उभी करावी लागली, आणि पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत उतरवून ठेवले. सकळ लिपी म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. किल्ली असेल त्याला ग्रंथ, नसेल त्याला निरर्थक अक्षरांची रांग. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ती किल्ली बाहेर आली तोवर मराठीतला एवढा मोठा गद्यसंभार अभ्यासकांना जवळजवळ अदृश्य होता. १९७८ साली लीळाचरित्र संपादून काढणारे वि. भि. कोलते याच बुलढाणा जिल्ह्यातले. मात्र एक भेद नोंदवला पाहिजे. महानुभावांनी अक्षरे बदलली ती जाणूनबुजून, आणि किल्ली मठांत जपून ठेवली. आपण बदलली ती घाईत, आणि किल्ली एका बंद संगणकात, माळ्यावर, पावसाळ्याच्या ओलीत.

चर्चासत्रातल्या त्या बाईंना आम्ही पत्र लिहून चूक कबूल केली. त्यांचे उत्तर आले. त्यात दऱ्यांविषयी विशेष काही नव्हते. धारेच्या बाजूने उतरणारी घळ पावसाळ्यात कशी दिसते, आणि नव्या सुनांना तिकडे एकटे का जाऊ देत नसत, एवढे लिहिले होते. तो मजकूर आता पुस्तकाच्या टिपांत जाईल.

त्या दिवशी दुकानात एक शंका तरीही उरली होती. धारिकेत 'दऱ्या' आहे हे खरे, पण टंकणाऱ्यानेच चूक केली असेल तर? हस्तलिखित नाही, म्हातारी नाही, गुरुजी नाहीत. आम्ही दुकानदारांना विचारले. त्यांना पुस्तक आठवत नव्हते. गुरुजी आठवत होते, उधारी वेळेवर देणारे. ते काउंटरवरून वाकले, ओळ वाचली, आणि समोर कळफलक नसतानाही उजव्या हाताची बोटे काचेवर दोनदा टेकली. "हा र तसाच नाही येत, सर," ते म्हणाले. "शिफ्ट दाबून वेगळी कळ होती याची. उगाच कोन दाबंल?"